ड्रेजिंगचा गाळ सिमेंटऐवजी घातला, क्यूब नीट येत नाहीयेत. भाजायचा किती, आणि टिकाऊपणाचं काय?

गाळ_ते_काँक्रीट

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. माझा एमटेकचा प्रोजेक्ट चालू आहे. बंदरात ड्रेजिंग करून जो बारीक गाळ निघतो तो काँक्रीटमध्ये सिमेंटच्या काही भागाऐवजी वापरायचा, आणि नुसती स्ट्रेंग्थ नाही तर टिकाऊपणा पण दाखवायचा असा विषय आहे. विषय मीच हट्टाने घेतलाय, कारण बंदरं चालू ठेवायची तर गाळ उपसावाच लागतो आणि तो परत समुद्रात नाहीतर कुठल्या तरी पडीक जागेत जातो, आणि इकडे जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी ७ ते ८% एकट्या सिमेंटमुळे हवेत जातो, या दोन्ही गोष्टी एका कामात थोड्या तरी हलक्या झाल्या तर फार बरं होईल असं मनापासून वाटतं.

केलं काय ते सांगते. गाळ आला तेव्हा काळाकुट्ट, लिबलिबीत आणि सडक्या अंड्यांसारखा वास. ओव्हनमध्ये १०५ डिग्रीला वाळवला, बॉल मिलमध्ये दळला, ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढला आणि २०% सिमेंट कमी करून तेवढ्याच वजनाचा हा घातला. वॉटर-बाइंडर रेशो (पाणी भागिले सिमेंट अधिक गाळ) ०.४५, कंट्रोलला (नुसत्या सिमेंटच्या मिक्सला) आणि याला एकच. पहिली गोष्ट, स्लंप (ओल्या काँक्रीटचा सैलपणा) आलाच नाही, प्लास्टिसायझरचा (मिक्स सैल करणाऱ्या रसायनाचा) डोस वाढवला तरी मिक्स तसंच घट्ट. दुसरी, दुसऱ्या दिवशी साचे खोलले तर क्यूबच्या कडा बोटाने सुटत होत्या. २८ दिवसांनी क्यूब फोडले तर कंट्रोलच्या जेमतेम दोन तृतीयांश आले. आणि क्युरिंगमधून काढून जे दोन बाहेर ठेवले होते त्यांच्यावर वाळल्यावर पांढरी पावडर आली, बोटावर घेऊन बघितली, मिठासारखी वाटली.

सर म्हणतात भाजून बघ. पण किती डिग्री, किती वेळ, आणि भाजल्यावर टिकाऊपणा खरंच येतो का? की १०% वर येऊन थांबू?

जुनी_सुरखी

ताई, तुमचा गाळ वाळलाय, दळलाय, पण अजून झोपलेलाच आहे. पूर्वी चुन्यात सुरखी घालायचे ती भाजलेल्या विटांची भुकटी असायची, कच्ची माती कुणी घातली नाही, ती गोष्ट इथे जशीच्या तशी लागू आहे. मातीतल्या क्ले खनिजांच्या थरांमध्ये हायड्रॉक्सिल घट्ट बसलेलं असतं, ते उष्णतेने बाहेर काढलं की थरांची घडी विस्कटते आणि मग आतलं सिलिका आणि ॲल्युमिना सिमेंटच्या हायड्रेशनमधून सुटणाऱ्या चुन्याशी रिॲक्ट व्हायला मोकळं होतं. त्यातून जो नवीन जेल बनतो तो सिमेंटच्या जेलच्या जवळचाच, आणि तो बारीक पोअर भरतो, टिकाऊपणा येतो तो तिथून. कच्च्या गाळात हे काहीच होत नाही, तुम्ही २०% सिमेंट काढून तिथे बारीक धूळ घातलीत असं धरा, आणि ती धूळ सुद्धा निरुपद्रवी नाही.

स्लंपचं कारण बहुतेक फुगणारी क्ले. आजचे पॉलिकार्बोक्झिलेट प्लास्टिसायझर त्या थरांच्या मध्ये जाऊन अडकतात, सिमेंटच्या कणापर्यंत पोचतच नाहीत, म्हणून डोस वाढवूनही तुम्हाला फरक दिसला नाही. कडा सुटल्या म्हणजे सेटिंग लांबलं, ते सेंद्रिय पदार्थांमुळे, ह्युमिक ॲसिड वगैरे सिमेंटच्या कणांभोवती बसून हायड्रेशन अडवतं. गाळात झिंक किंवा शिसं असेल तर ते पण सेटिंग लांबवतं, बोटींच्या रंगातून आणि गंजरोधक झिंकच्या पट्ट्यांमधून ते बंदराच्या गाळात येतंच. भाजल्यावर फुगणारी क्ले मरते, सेंद्रिय पदार्थ जळतात, म्हणजे तुमच्या पहिल्या दोन तक्रारी भट्टीतच मिटतील. धातू मात्र राहतात, त्याबद्दल कुणीतरी लिहिलंच पाहिजे इथे.

आता किती डिग्री. याला एक आकडा नाही, आणि जो तुम्हाला गाळ न बघता एक आकडा देईल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. क्ले खनिजांपैकी केओलिनाइट साधारण ६०० ते ८०० मध्ये चांगलं जागं होतं. मॉन्टमोरिलोनाइटला ८०० च्या आसपास लागतं. इलाइट सगळ्यात चिवट, त्याला ८५० ते ९०० पर्यंत न्यावं लागतं आणि तरी ते केओलिनाइटच्या पासंगालाही पुरत नाही. ९५० च्या वर गेलात तर उलट नवीन स्फटिक बनायला लागतात आणि माल परत मेल्यासारखा होतो. क्वार्ट्झ कितीही भाजा, दगडच राहतो.

म्हणून आधी एक्सआरडी (कुठली खनिजं आहेत ते), टीजीए (तापवताना वजन कुठल्या टप्प्यात किती घटतं ते) आणि ५५० डिग्रीचा एलओआय (भाजल्यावरची एकूण घट) टाका इथे, मग बोलू.

आणि अजून एक, सगळ्यांना सांगतो. एएसटीएम सी ६१८ (सिमेंटऐवजी घालायच्या अशा मालाचं अमेरिकन मानक) मध्ये २०% रिप्लेसमेंटला कंट्रोलच्या ७५% स्ट्रेंग्थ आली की पास, एवढ्यावर खूप जण खूष होतात. नुसती क्वार्ट्झची बारीक पावडर घालूनही त्या आकड्याच्या आसपास जाता येतं, कारण बारीक कणांवर सिमेंटचं हायड्रेशनच जरा लवकर होतं आणि वॉटर-सिमेंट रेशोचा हिशोबही बदलतो. तेव्हा कंट्रोलबरोबर तेवढ्याच बारीक क्वार्ट्झचा एक मिक्स कराच. तुमचा भाजलेला गाळ त्याच्या वर किती गेला तेवढीच त्याची खरी कमाई. नाहीतर सी १८९७ ची आर-थ्री टेस्ट करा, त्यात सिमेंट नसतंच, चुन्यासोबत ४० डिग्रीला किती उष्णता निघते ते मोजतात, लबाडीला जागा नाही.

चाळणी_७५

वरचं सगळं बरोबर आहे, मी फक्त एक छोटी गोष्ट टाकतो. वाळवलेल्या गाळाचे खडे होतात आणि ते बाहेरून दळल्यासारखे दिसले तरी आत घट्ट गोळे असतात. आमच्या लॅबमध्ये एकदा भाजल्यावर परत दळलं नाही, क्यूब फोडला तर आत वाटाण्याएवढे विटकरी ठिपके, प्रत्येक ठिपका म्हणजे एक न दळलेला खडा. तेव्हापासून आम्ही भाजायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा दळतो, दुसऱ्यांदा ४५ मायक्रॉनवर किती राहतं ते बघूनच पुढे जातो. भट्टीतही ट्रेमध्ये जाड थर लावू नका, वरचा भाग भाजतो आणि तळाशी काळाच राहतो, मग सरासरीला काही अर्थ राहत नाही.

भाजलेला माल विटेच्या रंगाचा होईल, लोखंड ऑक्सिडाइज होतं म्हणून, घाबरू नका.

गाळ_ते_काँक्रीट

खूप खूप आभार! इतकं सविस्तर कुणी समजावलं नव्हतं. रिपोर्ट आले ते टाकते. एक्सआरडीमध्ये क्वार्ट्झ सगळ्यात मोठं, मग कॅल्साइट (शिंपल्यांचे तुकडे डोळ्यांनीही दिसतात), इलाइट, थोडं केओलिनाइट, जरासं पायराइट (लोखंड आणि गंधकाचं खनिज) आणि हॅलाइट. ५५० चा एलओआय ९% च्या आसपास. टीजीएमध्ये ४०० ते ६०० च्या टप्प्यात साधारण २% घट आहे पण सेंद्रिय पदार्थही तिथेच जळतात म्हणून मी आधी हायड्रोजन पेरॉक्साइडने धुवून मग केलं होतं, ते बरोबर ना?

जुनी_सुरखी

पेरॉक्साइडचं फार चांगलं केलंत, बरेच जण ते विसरतात आणि सेंद्रिय घट क्लेच्या नावावर लावतात.

शुद्ध केओलिनाइटमधून जवळपास १४% पाणी जातं. म्हणजे २% घट आली तर २ भागिले ०.१४, साधारण १४% केओलिनाइट. इलाइटचं थोडं पाणी पण याच टप्प्यात येतं त्यामुळे खरं अजून कमीच धरा. तुलनेसाठी सांगतो, एलसी-थ्री म्हणून जे सिमेंट आहे, निम्मं क्लिंकर (भट्टीतून निघणारा सिमेंटचा मूळ माल), ३०% भाजलेली क्ले, १५% चुनखडी आणि ५% जिप्सम, त्याला ४०% च्या आसपास केओलिनाइटची माती लागते तेव्हा कुठे ७ दिवसांपासून साध्या सिमेंटच्या बरोबरीने चालते. तुमच्या गाळात त्याच्या तिसरा हिस्सा आहे. त्यामुळे या गाळाने निम्मं सिमेंट वाचवायचं स्वप्न सोडा, १० ते २०% मध्येच खेळा, आणि त्यात तुम्हाला चांगलं काम दाखवता येईल.

आता अडचण कॅल्साइटची. इलाइट जागं करायला ८५० हवं, पण एवढ्या बारीक कॅल्साइटचं विघटन ७०० च्या आसपासच सुरू होतं आणि ८५० ला ते जवळपास सगळं मोकळा चुना होऊन बसतं. तो चुना मिक्समध्ये पाणी लागलं की लगेच तापतो, स्लंप खातो, आणि कडक भाजला गेला असेल तर नंतर सावकाश फुगतो, ते जास्त वाईट. त्यात तोट्याची दुसरी बाजू म्हणजे कॅल्साइटमधला कार्बन डायऑक्साइड तुम्ही हवेत सोडता, आणि तो वाचवायलाच तर हे सगळं चाललंय. न भाजलेलं कॅल्साइट उलट कामाचं आहे, क्लेच्या ॲल्युमिनाशी मिळून कार्बोॲल्युमिनेट बनवतं आणि पोअर भरतं.

म्हणून माझं म्हणणं, शिंपले आधी चाळून टाका, मग ६५०, ७५० आणि ८५० असे तीन लॉट भाजा, प्रत्येकी एक तास. तिन्हींची आर-थ्री करा, तिन्हींचा फ्री लाइम (मोकळा चुना) काढा आणि ले शातेलिए साच्यात फुगणं बघा, १० मिलिमीटरच्या आत पाहिजे. मला वाटतं तुमचा ७५० चा लॉट जिंकेल, इलाइट अर्धवट राहील पण चुना आटोक्यात राहील. पण माझं वाटणं बाजूला ठेवा, तुमचा गाळ सांगेल ते खरं.

धक्का_आणि_सळई

हॅलाइट, म्हणजे साधं मीठ, दिसलं आणि कुणीच त्यावर बोललं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतंय. मी समुद्रातल्या जेट्टी आणि धक्क्यांच्या दुरुस्तीचं काम करतो, पाण्याच्या वरच्या अंगाला, जिथे लाट लागते आणि वाळते, तिथे हातोडी मारली की कव्हर पोपड्यासारखं सुटतं आणि आत सळई अर्धी खाल्लेली असते. ते मिठातल्या क्लोराइडचं काम. त्या क्लोराइडला बाहेरून सळईपर्यंत यायला वर्षानुवर्षं लागतात, आणि इथे आपण ते पहिल्याच दिवशी मिक्सरमध्ये स्वतःच्या हाताने घालतोय.

हिशोब करून दाखवतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण १९ ग्रॅम क्लोराइड. गाळात १ किलो कोरड्या मालामागे १ किलो पाणी असेल, आणि बंदराच्या गाळात याहून जास्तही असतं, तर वाळवल्यावर ते १९ ग्रॅम त्या १ किलोतच राहतात. म्हणजे १.९%. २०% रिप्लेसमेंट केलं की बाइंडरच्या वजनावर ०.३८%. युरोपच्या ईएन २०६ मध्ये सळईच्या काँक्रीटला ०.२० किंवा ०.४०% चा वर्ग, प्रीस्ट्रेसला (ताणलेल्या तारांच्या काँक्रीटला) त्याच्याही निम्मा. अमेरिकेच्या एसीआय ३१८ मध्ये क्लोराइडच्या संपर्कातल्या सळईच्या काँक्रीटला पाण्यात विरघळणारं क्लोराइड ०.१५% च्या वर चालत नाही. म्हणजे सिमेंट, वाळू, पाणी, ॲडमिक्स्चर यांचं क्लोराइड मोजायच्या आधीच तुमचा गाळ एकटा मर्यादेवर जाऊन बसला. तुमच्या क्यूबवर आलेली पांढरी पावडर बहुतेक हीच आहे.

आणि भाजल्याने हे जाईल असं समजू नका. मीठ ८०१ डिग्रीला वितळतं, ७५० ला ते बहुतांश तिथेच असतं.

म्हणजे धुवायचं. आणि भाजायच्या आधी धुवायचं. १ किलो पाणी असलेल्या गाळात ४ किलो गोडं पाणी घाला, ढवळा, निवळू द्या, वरचं काढून परत १ किलोवर आणा, क्लोराइड पाचव्या हिश्श्यावर येईल. परत तसंच केलं की पंचविसाव्या. म्हणजे १.९ चं ०.०८% च्या खाली, आणि २०% रिप्लेसमेंटला बाइंडरवर ०.०१५% च्या आसपास. दोन धुण्यांत प्रश्न मिटतो.

कागदावर मिटतो. प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो, कारण मी हे पिंपात केलंय. पहिल्या धुण्याचं पाणी तासाभरात वर नितळ दिसायला लागतं, कारण खाऱ्या पाण्यात क्लेचे कण एकमेकांना चिकटून गोळे होऊन खाली बसतात. जसजसं मीठ कमी होतं तसतसे कण सुटे होतात आणि बसतच नाहीत, दुसऱ्या तिसऱ्या धुण्याचं पाणी रात्रभर ठेवलं तरी सकाळी तेवढंच गढूळ. तिथे घाई करून वरचं पाणी ओतून टाकलं तर सगळ्यात बारीक क्ले, म्हणजे तुम्हाला हवी असलेली नेमकी वस्तू, गटारात जाते. फिल्टर प्रेस असेल तर उत्तम, नाहीतर शेवटच्या पाण्यात चिमूटभर चुना घाला, कॅल्शियमने कण परत एकत्र येतात. धुतलेलं पाणी गाळून त्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाका, पांढरा साका आला तर अजून मीठ आहे. ही टेस्ट एका मिनिटाची आहे, प्रत्येक लॉटला करा.

उष्णतेचा_हिशोब

मला या विषयाबद्दल आस्था आहे म्हणूनच थोडं विरोधी लिहितोय, ताईंनी वाईट वाटून घेऊ नये.

१ किलो पाणी २० डिग्रीवरून तापवून वाफ करायला साधारण २.६ मेगाज्यूल लागतात. १ टन कोरड्या गाळामागे १ टन पाणी असेल तर नुसतं वाळवायलाच २.६ गिगाज्यूल. आधुनिक भट्टीत १ टन क्लिंकर १४५० डिग्रीला भाजायला सगळं मिळून ३ ते ३.५ गिगाज्यूल लागतात. म्हणजे गाळ इंधनावर वाळवला, त्यात वर ७५० ला भाजला, तर उष्णतेच्या बाबतीत तुम्ही क्लिंकरच्या जवळ जाऊन पोचलात. बऱ्याच प्रबंधांमध्ये हिशोब कोरड्या पावडरीपासून सुरू करतात, जसा काही गाळ कोरडाच बाहेर आला. तुम्ही तसं करू नका, ही विनंती.

तरीही गाळाच्या बाजूने एक भक्कम मुद्दा उरतो. क्लिंकरमधल्या चुनखडीतूनच टनाला अर्ध्या टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, इंधन कुठलंही वापरा. क्लेमधून निघतं ते पाणी. तो फायदा खरा आहे. फक्त तो टिकवायचा तर पाणी इंधनाने नाही, दाबून आणि उन्हात काढायला हवं. फिल्टर प्रेसमधून १ किलोमागे ०.४ किलो पाण्यावर आणलात तर वाळवण्याची उष्णता १ गिगाज्यूलवर येते, उरलेलं ऊन करेल.

दुसरं, सगळा गाळ भट्टीत का घालायचा? आधी हायड्रोसायक्लोनने (गोल फिरवून जाड-बारीक कण वेगळे करणाऱ्या यंत्राने) ६३ मायक्रॉनवर रेती वेगळी करा. हॅम्बुर्गच्या बंदरात मेथा नावाचा प्लांट १९९३ पासून हेच करतोय, रेती एकीकडे, बारीक चिखल दुसरीकडे. रेती धुवून सरळ काँक्रीटमधल्या वाळूसारखी वापरता येते, तिला भाजायची गरज नाही. क्ले सगळी बारीक भागात येते त्यामुळे तुमचं १४% केओलिनाइट वाढेल, आणि तुमच्या एक्सआरडीत जे क्वार्ट्झ सगळ्यात मोठं दिसतंय ते फुकट भाजावं लागणार नाही.

पण बारीक भागातच धातू पण गोळा होतात. आर्सेनिक, क्रोमियम, तांबं, झिंक, शिसं. भट्टीत हवा भरपूर असेल तर साधं क्रोमियम हेक्झाव्हॅलंट होऊ शकतं, जे जास्त विषारी आणि पाण्यात जास्त सुटणारं. पारा असेल तर तो भट्टीत राहतच नाही, धुरातून बाहेर जातो, तो ३५७ डिग्रीलाच उकळतो. पायराइटचा सल्फर डायऑक्साइड होतो. तेव्हा लॅबच्या मफल फर्नेसचा एक्झॉस्ट चालू आहे ना ते आधी बघा, हे मी तुमच्या तब्येतीसाठी सांगतोय. जुन्या बंदराच्या गाळात टीबीटी पण सापडतं, बोटींच्या तळाच्या रंगातलं, जगभरात २००८ पासून त्यावर बंदी आहे पण गाळात खाली बसलेलं आहेच. ते भाजण्यात मोडतं, ही जमेची बाजू. लीचिंग टेस्ट (पाण्यात धातू किती सुटतात ती) दोनदा करा, भाजलेल्या पावडरीची आणि तयार काँक्रीट फोडून त्याचीही. बरेच धातू सिमेंटच्या जेलमध्ये अडकतात, पण ते मोजून दाखवायचं असतं, गृहीत धरायचं नसतं.

चाळणी_७५

गाळ सरळ सिमेंट कारखान्यात क्लिंकरच्या कच्च्या मालातच का नाही घालत, असं कुणी विचारेल म्हणून सांगतो. घालतात, थोडा. पण तिथेही क्लोराइडच आडवं येतं, भट्टीत त्याची वाफ होते आणि प्रीहीटरच्या थंड भागात अल्कलीबरोबर जमून वाट बुजवते. म्हणजे धुणं तिथेही सुटलं नाही.

गाळ_ते_काँक्रीट

सगळ्यांचे उत्तर दोन दोनदा वाचले. उष्णतेचा_हिशोब दादा, वाईट अजिबात वाटलं नाही, उलट माझ्या सिनॉप्सिसमध्ये पण हिशोब कोरड्या पावडरीपासूनच होता, तो बदलतेय. आणि क्लोराइडचा हिशोब वाचून मी त्याच रात्री उरलेली पावडर पाण्यात ढवळून टायट्रेशन केलं, १.९% नाही पण १.५% च्या वर आलं. म्हणजे मी सळई घातली असती तर... जाऊदे.

आता प्लॅन असा. रेती वेगळी, दोनदा धुणं, उन्हात वाळवणं, दळणं, तीन तापमानं, परत दळणं. रिप्लेसमेंट १० आणि २०, सोबत क्वार्ट्झ पावडरचा मिक्स. प्रश्न एकच राहिला, टिकाऊपणाच्या टेस्ट कुठल्या आणि किती दिवसांनी? आमच्याकडे आरसीपीटीचं (करंट लावून क्लोराइड किती शिरतं त्याचा अंदाज घेणारं) मशीन आहे.

धक्का_आणि_सळई

आरसीपीटी करा पण त्यावर थांबू नका. त्यात ६० व्होल्ट लावून ६ तासांत किती कुलंब गेले ते मोजतात, १००० च्या खाली फार कमी, ४००० च्या वर जास्त. अडचण अशी की पोझोलानने (चुन्याशी रिॲक्ट होणाऱ्या अशा मालाने) पोअरमधल्या पाण्यातले अल्कलीही कमी होतात, त्या पाण्यातून करंटच कमी जातो, त्यामुळे कुलंब जेवढे खाली येतात तेवढं क्लोराइडचं शिरणं खाली आलेलं असेलच असं नाही. सोबत एनटी बिल्ड ४९२ करा, त्यात सॅम्पल उभा फोडून सिल्व्हर नायट्रेट मारतात आणि क्लोराइड किती मिलिमीटर आत गेलं ते पांढऱ्या पट्ट्यात डोळ्यांनी दिसतं. परीक्षकांना तो पट्टा दाखवलात की जास्त बोलावं लागणार नाही.

दिवस २८ आणि ९०, दोन्ही. हा माल सावकाश काम करतो, २८ ला सोडून दिलंत तर त्याच्यावर अन्याय होईल. भाजलेल्या क्लेतल्या ॲल्युमिनाचा अजून एक फायदा, तो काही क्लोराइड फ्रीडेल सॉल्टमध्ये बांधून ठेवतो, सळईपर्यंत जाणारं मोकळं क्लोराइड तेवढं कमी.

आणि कार्बोनेशन (हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये शिरून चुन्याशी रिॲक्ट होणं) विसरू नका. पोझोलान चुना खातं, म्हणजे कार्बन डायऑक्साइडला अडवणारा साठाच कमी होतो, त्यामुळे कार्बोनेशन सहसा कंट्रोलपेक्षा जास्त खोल जातं, क्युरिंग कमी पडलं तर फारच. सतत पाण्याखाली असलेल्या भागाला हा त्रास नाही, उघड्यावरच्या, ओल्या-सुक्या हवेतल्या कॉलमला आहे. तुमच्या निकालात क्लोराइड सुधारेल आणि कार्बोनेशन बिघडेल, तेव्हा बिघडलेला आकडा लपवू नका, दोन्ही शेजारी शेजारी छापा आणि हा माल कुठे वापरावा आणि कुठे नाही ते त्यावरून लिहा. एक सेट ३ दिवस क्युरिंगचा आणि एक २८ दिवसांचा ठेवा, साइटवर कसं क्युरिंग होतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

जुनी_सुरखी

सल्फेटचं पण बघून घ्या, पायराइट आहे म्हणून. भाजलेल्या पावडरीतलं एसओ-थ्री (सल्फेटचं माप) काढा, सी ६१८ मध्ये ४% मर्यादा आहे. आणि गाळ साठवताना उघड्यावर महिनोन्महिने ठेवू नका, पायराइट हवेत ऑक्सिडाइज होऊन आम्ल तयार करतं आणि जे धातू आत्ता शांत बसलेत ते सुटायला लागतात.

आणि लॉटची नोंद ठेवा. एकाच बंदरात नदीच्या तोंडाचा गाळ वेगळा, दुरुस्तीच्या गोदीचा वेगळा, पावसाळ्यानंतरचा वेगळा. कुठून, किती खोलीवरून, कधी, एवढं तरी पिशवीवर लिहा.

गाळ_ते_काँक्रीट

अपडेट. बारा पिंपं धुतली, दुसऱ्या धुण्याला खरंच पाणी निवळेना, चुना घातला आणि वीस मिनिटांत खाली बसलं, बघत उभी राहिले मी. सिल्व्हर नायट्रेटला आता फक्त हलकी धुरकट छटा येते, साका नाही. रेती काढल्यावर उरलेल्या भागाचा टीजीए परत केला, ४०० ते ६०० ची घट २ वरून ३ च्या जरा वर गेली. तिन्ही लॉट भाजून झालेत, ६५० चा फिकट तपकिरी आहे, ८५० चा विटेसारखा लाल, आणि ८५० च्या पावडरीत पाणी घातलं तर भांडं हाताला गरम लागलं, तोच मोकळा चुना ना? ७५० ला तसं काही झालं नाही.

जुनी_सुरखी

तोच. फ्री लाइम काढाच पण ८५० चा लॉट आत्ता बाजूला ठेवा. ७५० चे क्यूब घाला, आणि प्लास्टिसायझर आधीच्या डोसपासून सुरू करू नका, कंट्रोलच्या डोसपासून सुरू करा, या वेळी लागू पडेल.